धारपांच्या वाड्यात गोवंडीची मुलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बारा ते सोळा वयाची मुलं कोणती पुस्तकं आपणहून मागतात, यावर आज थोडं बोलायचं आहे. 'आपणहून' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण मोठी माणसं त्यांच्या हाती देतो ती पुस्तकं वेगळी. त्यांत थोरांची चरित्रं असतात, संस्कारकथा असतात, आणि मुलं ती निमूटपणे घरी नेऊन आठवड्याने जशीच्या तशी परत आणतात. गोवंडीला, बैंगनवाडीतल्या एका खोलीत आम्ही काहीजण दर रविवारी पुस्तकं मांडून बसतो. दोन लोखंडी कपाटं, एक चटई, एक पंखा. एवढ्याशा वाचनालयात काय वाचलं जातं, हे कळायला नोंदवही उघडावी लागत नाही. पुस्तकाची पाठ बघितली की पुरे. सर्वांत जास्त चिकटपट्ट्या आहेत त्या नारायण धारपांच्या पुस्तकांना. त्याखालोखाल मराठी हॅरी पॉटर. माझ्या कवितासंग्रहाची पाठ मात्र अजून नवीकोरी आहे, हेही सांगून टाकतो.

धारप १९२५ सालचे. २००८ साली ते गेले. शंभराच्या वर पुस्तकं त्यांनी लिहिली आणि त्यांतली बहुतेक भयाची, गूढाची, अतिमानुषाची. मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, ती पुस्तकं भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत मिळत आणि घरात लपवून वाचली जात. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा नव्हती. पुस्तकांची दुकानं मात्र त्यांनी भरलेली असत. आज त्यांच्या नव्या आवृत्त्या निघताहेत, कानांनी ऐकायची पुस्तकं निघाली आहेत, आणि ज्या मुलाने आयुष्यात वाडा पाहिलेला नाही, ते मूल गोवंडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून धारपांच्या वाड्यातला जिना चढतं आहे. हे मला विलक्षण वाटतं.

आता मोठ्यांचं म्हणणं. ते तीन प्रकारचं असतं. शिक्षक म्हणतात, यात साहित्यमूल्य नाही. सुधारक मित्र म्हणतात, यातून अंधश्रद्धा वाढते. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, जादूटोण्याचं वाचणं हेच मुळात गुनाह. तिघांचा रोख एकाच पुस्तकावर असतो आणि तिघांपैकी कुणीही ते पुस्तक उघडलेलं नसतं.

यातल्या शेवटच्या आक्षेपाने मला नेहमी हसू येतं, कारण भयाचं आणि अद्भुताचं वेड मराठी मुलांइतकंच उर्दू घरांचंही जुनं आहे. दिल्लीच्या जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो बसायचे आणि अमीर हमजाची दास्तान रात्रीमागून रात्री चालायची. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीच दास्तान छापायला घेतली, तिचे शेचाळीस जाडजूड खंड झाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. शुद्ध हरपायला लावणारा तिलिस्म. त्यात अफरासियाब नावाचा जादूगार बादशहा आहे, आणि अम्र अय्यार नावाचा चलाख माणूस आहे, ज्याच्या थैलीत सगळं जग मावतं. हॅरी पॉटरमधली हर्मायनी एका छोट्या बटव्यातून तंबू काढते, तेव्हा माझ्या वयाचा उर्दू वाचक म्हणतो, अरे, ही तर आपली झंबील!

मराठीतही हे काही धारपांपासून सुरू झालेलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. या 'मंजुघोषे'ची प्रस्तावना मोठी मजेची आहे. रिसबूड म्हणतात त्याचा मतलब असा, की आपल्या लोकांच्या चालीरीती अशा, लग्नं अशी लहानपणीच उरकलेली, की खऱ्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही. तेव्हा लेखकाने अद्भुताकडे वळू नये तर काय करावं? पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने मराठी पोरांच्या काही पिढ्या जागवल्या. माझ्या एका मराठीच्या प्राध्यापकांना म्हातारपणीसुद्धा त्यातले प्रसंग पाठ होते आणि ते सांगताना ते वर्गाचं दार लोटून घेत.

रिसबुडांची तक्रार होती की आयुष्यात काही घडत नाही. आमच्याकडे उलट आहे. मुंबई महापालिकेच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून आहे, म्हणजे मुंबईच्या तीन-चार पिढ्यांनी जे जे टाकून दिलं ते आमच्या शेजारी रचलं गेलं. जानेवारी २०१६च्या अखेरीस त्या डोंगराला आग लागली. ती दिवसेंदिवस धुमसत राहिली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा तेच. अशा ठिकाणच्या मुलाला आणखी अंधार कशाला वाचायला द्यायचा? त्याला हसरं, उजेडाचं काही द्या, असं सुखवस्तू वस्तीतून आलेले पाहुणे आम्हाला सांगतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. हसरी पुस्तकं आम्ही ठेवतोही, फास्टर फेणे आजही चालतो. पण मुलं पुन्हा पुन्हा हात घालतात तो दुसऱ्या कप्प्यात.

का? मला जे दिसलं ते सांगतो.

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची 'इट' नावाची कादंबरी आहे, १९८६ची. धारपांच्या 'शपथ'चा धागा तिच्याशी जुळतो. 'लुचाई'चा धागा तसाच किंगच्याच 'सेलम्स लॉट'शी. मूळ कुठलं आणि धारपांचं किती, यावर रसिकांत अजून वाद चालतो. मला त्या वादात फार रस नाही. बाहेरचं बीज आणून इथल्या मातीत लावण्याचं काम कृष्णशास्त्र्यांनीही केलं होतं, एवढंच म्हणतो. तर, 'इट'मध्ये एक मुलगी आहे. तिच्या न्हाणीघरातल्या बेसिनमधून रक्त उसळतं, भिंती माखतात. तिचा बाप आत येतो, बेसिनपाशी उभा राहतो, आणि त्याला काहीच दिसत नाही. रक्त दिसतं ते फक्त मुलांना. मग ती मुलं मिळून ते पुसून काढतात.

मला वाटतं, या सगळ्या साहित्याचं मर्म या एका प्रसंगात आहे. बारा-तेराव्या वर्षी मुलाला पहिल्यांदा कळतं की जे आपल्याला दिसतंय ते मोठ्यांना दिसत नाही, किंवा दिसूनही त्यांनी ते न बघायची सवय लावून घेतली आहे. आमच्या गल्लीत बाहेरचा माणूस आला की नाकाला रुमाल लावतो. आम्ही विचारतो, काय झालं? वीस वर्षं राहिलेल्या माणसाला तो वास येतच नाही. मुलांना येतो. शेजारचा तरुण पोरगा नाक्यावर कसल्या गोळ्या विकतो हे मुलांना माहीत असतं, कोणत्या घरात रात्री काय चालतं हे माहीत असतं, आणि घरात विचारलं तर उत्तर मिळतं, 'तू अभ्यास कर.' भयकथा मात्र मुलाला म्हणते, हो, तुला दिसलं ते खरं आहे, खोलीत काहीतरी आहे. ही दाद त्याला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकातून मिळत नाही.

आणि त्या 'काहीतरी'ला नियम असतात. धारपांच्या कथेची सुरुवात आठवून पाहा. बदली होऊन आलेला साधा नोकरदार, भाड्याने घेतलेलं घर, भाडं जरा जास्तच स्वस्त. दहा-पंधरा पानं काही म्हणता काही होत नाही. मग एक खोली बंद निघते. हळूहळू कळतं की जे आहे ते अमुक वेळी येतं, तमुक उंबरठा ओलांडत नाही, बोलावल्याशिवाय आत येऊ शकत नाही. दास्तानीतल्या तिलिस्मालाही तसंच असतं. कितीही भयंकर तिलिस्म असो, कुठेतरी एक पाटी असते, लौह म्हणतात तिला, आणि ज्याच्या नशिबात तो तिलिस्म फोडणं लिहिलंय त्याच्या हाती ती लागते. खऱ्या आयुष्यातल्या भीतीला अशी पाटी नसते. धूर कोणताही उंबरठा ओलांडतो. पाडकामाची नोटीस अमावास्या बघून येत नाही.

धारपांचा 'समर्थ' मला वैयक्तिकरीत्या कमी आवडतो. तो आला की वाचकाला सुटल्यासारखं वाटतं, आणि भयकथेत इतक्या लवकर सुटू नये. ज्या कथांत सामान्य माणसाला स्वतःच झुंजावं लागतं त्या अधिक टिकतात. आमच्या मुलांचं मत माझ्या उलट आहे. त्यांना समर्थ हवा असतो. ज्याला फोन केला की जो खरोखर येतो असा मोठा माणूस त्यांनी फारसा पाहिलेला नाही, म्हणून असेल.

आमच्याकडे जरीच्या कारखान्यात काम करणारा चौदा वर्षांचा एक मुलगा येतो. तो 'डेमन स्लेअर'चा भक्त आहे. ही कोयोहारू गोतोगे यांची जपानी चित्रकथामालिका, २०१६ ते २०२० या काळात आलेली. तिच्यातला मुलगा कोळसा विकून घर चालवतो. एके दिवशी घरी येतो तर राक्षसाने सगळं कुटुंब मारलेलं. वाचलेली एकुलती बहीण स्वतःच राक्षसीण झालेली. तो तिला टाकत नाही. पेटीत घालून पाठीवर घेऊन हिंडतो, माणूस करून आणायला. मी त्या मुलाला विचारलं, तुला यात लढाया आवडतात का? तो म्हणाला, 'लढाई ठीक है, सर. पण तो बहिणीला घेऊन फिरतो ना.' त्याची स्वतःची बहीण गावी आहे. त्याहून जास्त तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

अंधश्रद्धेच्या आक्षेपाचं उत्तर हार्बर लाइनच्या डब्यात चिकटवलेलं आहे. वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत काम, खाली बाबांचा मोबाइल नंबर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तरी हे कागद रोज नव्याने चिकटतात. बाबा कधीच म्हणत नाही की ही गोष्ट आहे. धारप मुखपृष्ठावरच सांगतात, कादंबरी. ज्या मुलीने चाळीस भयकथा वाचल्या आहेत तिला गोष्टीची बांधणी ओळखू येते. अशाच एका मुलीने तो कागद वाचून मला सांगितलं, 'सर, यात पहिलं प्रकरणच नाही, एकदम शेवट आहे.' मला तर वाटतं, कायद्याच्या जोडीला थोडे धारपही वाटावेत.

अर्थात सगळंच आलबेल नाही. आपल्या भुतांनाही जात आहे, हे मुलं फार लवकर पकडतात. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, मुंजा मुंज झालेल्या मुलाचा. कोकणातल्या जुन्या नोंदींत मुसलमानाच्या भुतालाही वेगळं नाव आहे, जिंद, म्हणजे आमचा जिन्नच. आणि खवीस हा शब्दसुद्धा अरबी 'खबीस'वरून आलेला. भूतलोकात आम्हाला जागा मिळाली, हेही नसे थोडके! पण जिवंत माणसं म्हणून या कादंबऱ्यांत आमची मुलं स्वतःला शोधतात तेव्हा त्यांना कुणी सापडत नाही. नायक जोशी, देशमुख, फार तर पाटील. बायका बहुतेक वेळा किंचाळायला. मतकरींच्या गूढकथा या बाबतीत मला पुढच्या वाटतात. त्यांचं भय वाड्यातून येत नाही, माणसाच्या मनातून येतं, साध्या चाळीतल्या साध्या माणसाच्या. शिवाय याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण रंगमंचावर आणून लहानग्यांना भीतीवर हसायला लावलं, आणि अखेरच्या वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा करण्यात भाग घेतला. २०२० साली करोनाने ते गेले. 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा, ज्याच्या मागे धारपांच्या 'आजी' कथेची सावली आहे, २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा थिएटरं भरली. तो मोठ्यांचा सिनेमा आहे, आमच्या मुलांनी तो मोबाइलवर पाहिला, त्यावर माझा इलाज नाही.

आता एका मुलीबद्दल. दहावीत आहे. आईवडील बस्ती जिल्ह्यातले, घरी भाषा हिंदी-उर्दू, शाळा मराठी. मराठी तिला आली ती धारपांमुळे, असं तीच सांगते. 'अकस्मात', 'निबिड', 'ओशाळवाणं' असे शब्द ती बोलताना सहज वापरते आणि घरचे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. एका रविवारी तिची आई आली. हातात 'ग्रहण'ची प्रत, रुमालात गुंडाळलेली. म्हणाली, 'सर, ही लडकी रात्री लाइट बंद करू देत नाही. या किताबीत काय आहे?' मी म्हटलं, 'बहन, तुम्ही लहान असताना तुमची नानी जिन्नाच्या गोष्टी सांगायची का?' ती जरा हसली. सांगायची म्हणे, पिंपळाखालच्या. मग मुलगी बोलली. 'अम्मी, पुस्तक बंद करता येतं.' एवढंच. आमच्याकडे रात्री सार्वजनिक शौचालयात जायचं तर मुलींना आईला उठवावं लागतं, आणि ते काही भुतांमुळे नाही. आईला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पुस्तक तिने परत केलं नाही. पुढे कळलं की रात्री आई चपलांवर खडे चिकटवते तेव्हा मुलगी शेजारी बसून एकेक प्रकरण हिंदीत सांगते, आणि मजुरीचे डझन जरा लवकर भरतात.

मेरी शेली अठरा वर्षांची होती तेव्हा तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं. ते साल १८१६. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख आभाळात पसरून युरोपात त्या साली उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी एकमेकांना भुताच्या गोष्टी लिहायचं आव्हान दिलं, त्यात लॉर्ड बायरनसारखा बडा कवी होता, आणि बाजी मारली त्या पोरीने. १८१८ साली पुस्तक निघालं ते निनावी. ही हकीकत मी आमच्या मुलांना सांगितली. काळवंडलेलं आभाळ त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्या दहावीतल्या मुलीने मला एक वही दाखवली. तीस-बत्तीस पानं, मराठीत, मध्ये मध्ये उर्दू शब्द. डम्पिंगच्या तळाशी काहीतरी राहतं. शहराने फेकलेल्या वस्तूंवर ते पोसतं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती वापरणाऱ्याची थोडी आठवण खातं. कचरा वेचणारा एक मुलगा आणि त्याची बहीण, एवढ्या दोघांनाच त्याचा आवाज येतो. नियमही तिने घातला आहे: जी वस्तू कुणी पुन्हा वापरायला उचलली, तिला ते शिवू शकत नाही. व्याकरणाच्या चुका आहेत, काही वाक्यं सरळ धारपांची सावली आहेत. पण गोष्ट तिची आहे. मी संपादकाच्या थाटात शंका काढली, की एवढं मोठं झालेलं ते बाहेर का पडत नाही, चेंबूरला का जात नाही? तिने माझ्याकडे जरा कीव करूनच पाहिलं. 'तिकडचे लोक सगळं फेकतात, सर. त्याचं जेवण इकडेच येतं. ते कशाला जाईल?'

मराठीत अशी कादंबरी मी अजून वाचलेली नाही. शेवटची प्रकरणं ती दहावीच्या परीक्षेनंतर लिहिणार आहे. घरात तिच्या लग्नाची बोलणी गेल्या रमजानपासून सुरू आहेत, मुलगा गावाकडचा आहे. मी जाऊन बोललो. वडील काही बोलले नाहीत. आईने निकाल लागेपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.